पंचावन्न ते पासष्ट

चोपन्नपर्यंत काही नाही.
पंचावन्नला आरसा धूसर होतो,
मागच्या एका ट्रकाचे दोन होतात.
साठला डिकीतला रिकाम्या सोडा-बाटल्यांचा क्रेट
स्वतःशी बोलू लागतो.
पासष्ट ओलांडली की पुन्हा सगळं शांत,
पण आमच्या रस्त्यांवर पासष्ट
ओलांडायला मिळते कुणाला.

सहा वर्षं.
फोंड्याला चाकं तीनदा बॅलन्स केली,
पुढचे टायर मागे, मागचे पुढे,
गिअरबॉक्सचं माउंटिंग नवं.
इंजिनाला शिव्या दिल्या,
खाणीच्या ट्रकांनी खणलेल्या रस्त्याला दिल्या,
शेवटी एक्क्याण्णव सालच्या अँबॅसडरलाच दिल्या,
जी वडिलांची टॅक्सी होती
आणि पिवळं टप रंगवल्यावर नुसती काळी उरली.

तिस्क-उसगावला सगुण गावसच्या आवारात
फणसाला टेकून उभे आहेत ट्रकांचे शाफ्ट,
पाहुणे विसरून गेलेल्या काठ्यांसारखे.
खाणी बंद पडल्यापासून तो
असल्या म्हाताऱ्या गाड्याही घेतो.

बॉनेट त्याने उघडलंच नाही.
विचारलं, ‘‘खंय हालता? हातांत काय बसकेर?’’
हातांत, की बुडाखाली?
इतकं साधं, आणि मला सांगता येईना.

मग तो शेजारी बसला, अनवाणी,
टाचा पत्र्याला टेकवून, डोळे मिटून.
खांडेपारच्या पुलाअलीकडे, साठवर, म्हणाला,
‘‘न्यूट्रल कर.’’
इंजिन पुटपुटत खाली बसलं.
गाडी वाहत राहिली,
थरथर तशीच.
‘‘इंजिनाचो गुन्यांव ना.’’

आवारात मागचा धुरा ठोकळ्यांवर चढवला,
दोन्ही चाकं उतरवली, मला गिअर टाकायला लावले.
बिनचाकांचे ड्रम गरगरले
आणि गाडी तितकीच थरथरली.
मग इंजिन बंद करून तो खाली सरकला,
शाफ्ट दोन्ही हातांनी धरून
ओलं धोतर पिळावं तसा पिळला.
खट्ट.
अडकित्त्यात सुपारी फुटावी, एवढाच आवाज.

‘‘क्रॉस गेलाय,’’ म्हणाला. ‘‘पण नुसता क्रॉस नाही.’’
जिथे शाफ्ट बाहीत शिरतो तिथे
रॉकेलच्या फडक्याने बराच वेळ पुसत राहिला,
मग मला हाक मारली.
मी पाठीवर सरकत आत गेलो.

दोन टिंबं.
एक शाफ्टवर, एक बाहीवर,
पंचने ठोकलेली, जुनी, ग्रीसने बुजलेली.
समोरासमोर हवी होती.
मध्ये एका दाताचं अंतर.

टिंबं वडिलांची.
काहीही सोडवण्याआधी ते खूण करतात,
लोणच्याच्या बरणीवरसुद्धा.
चढवला होता मी,
काजूखाली, टॉर्च तोंडात धरून,
ज्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी
गाडीखाली जायला नकार दिला.
‘‘बसला?’’ त्यांनी बाहेरून विचारलं.
‘‘बसला.’’
बसलाच होता.

हे मी सगुणला सांगितलं नाही.
घरीही नाही.
त्याने क्रॉस बदलला, टिंबाला टिंब लावलं,
चहा मागवला.

रविवारी म्हार्दोळला निघालो.
वडील मागे, नेहमीच्या जागी,
डावा हात पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट,
सहा वर्षं असतो तसा.
पंचावन्न. अठ्ठावन्न.
आरशात ट्रक एकच.
साठला त्यांनी हात काढला
आणि मांडीवर ठेवला.

फर्मागुडीच्या चढावर विचारलं,
‘‘सगुणान कितले घेतले?’’
‘‘नऊशे.’’
‘‘क्रॉस कितल्याचो?’’
‘‘चारशे.’’
‘‘म्हणजे टिंबांचे पाचशे,’’ ते म्हणाले,
आणि काच खाली केली.